चावून बघितलेली सरकी

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, पुढच्या दोन दातांना बारीक खाच पडली होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. शिंप्याच्या दातांना दोरा तोडून तोडून पडते तशी. अप्पांची सरकीनं पडली होती.

हुबळीच्या बाजारात आमचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. सरकी म्हणजे कापसातून रुई काढून घेतल्यावर उरतं ते बी. आमच्याकडे कन्नडात हत्तिकाळु म्हणतात. भिजवून म्हशीला घातली की दूध घट्ट येतं. गाळली की तेल निघतं आणि मागं पेंड राहते. पणजोबा निपाणीकडून इकडं आले ते याच धंद्यापायी. त्यांनी एक नियम घालून ठेवला होता: जे दुसऱ्याच्या जनावराच्या तोंडी घालायचं, ते आधी आपल्या तोंडी घालायचं. बाजारात गूळ, शेंगा, चिंच सगळेच खाऊन दाखवत. सरकी खाऊन दाखवणारं दुकान आमचं एकट्याचं, आणि त्यावरून शेजारपाजारचे आमची यथेच्छ टिंगल करत.

नवं पोतं उघडलं की अप्पा मूठभर सरकी हातावर पसरत, त्यातला एक दाणा उचलून पुढच्या दातांत धरून फोडत, गर जिभेवर फिरवत, टरफल थुंकत आणि डोळे मिटून निकाल देत. "ओली आहे." "गेल्या सालची." "नवलगुंदकडची, पण पावसात सापडलेली." गिऱ्हाईक समोर उभं असे. काही जण मुद्दाम म्हणत, "अण्णा, खाऊन दाखवा की." अप्पा खाऊन दाखवत. मग पोतं उचललं जाई. घासाघीस व्हायची ती इतर गोष्टींवरून, मालावरून कधीच नाही.

आठव्या वर्षी त्यांनी मलाही एक दाणा फोडायला लावला. आधी कच्च्या शेंगदाण्यासारखी चव आली, मग जीभ चरचरली. पुढं कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळलं, की ती चरचर म्हणजे सरकीतलं एक विष आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांना ते पचतं, माणसाला बाधतं. म्हणून तर सरकीचं तेल शुद्ध करून घ्यावं लागतं. हे ज्ञान घेऊन मी तडक दुकानात गेले. मला वाटलं होतं, अप्पा हादरतील. ते म्हणाले, "म्हणून तर आम्ही एकच दाणा खातो."

मी जात्याच चौकस, आणि खरं सांगायचं तर थोडी आगाऊ. एखादी गोष्ट कळली की ती चारचौघांना सांगितल्याशिवाय माझा जीव खाली पडत नसे. अशा माणसाला शाळेत शिक्षकाची नोकरी मिळणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं. लग्न होऊन मी धारवाडला सप्तापुरात राहायला आले, तिथल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले आणि दर रविवारी लेकीला घेऊन बसनं हुबळीला जाऊ लागले. ही गोष्ट घडली तेव्हा लेक चार वर्षांची होती. आजोबांच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांवर चढणं हा तिचा रविवारचा कार्यक्रम असे.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या भागात नवा कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक त्यात बसवलेला. त्यामुळं झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि बोंड पोखरणारी अळी ते खाऊन मरते. अमरगोळच्या मार्केट यार्डात एकानं दुसऱ्याला सांगताना याचं काय काय होई! कुणी म्हणे त्यात विंचवाचं बी घातलंय. कुणी म्हणे, त्या शेतात पाय ठेवला की अंग खाजतं. आणि सगळ्यात जास्त पसरली ती ही गोष्ट, की नव्या कापसाची सरकी खाल्ली तर गाभण म्हैस गाभडते.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. सगळे याला कापूस कापूस म्हणत होते, म्हणजे जणू अंगावर घालायची वस्तू. पण कापूस अंगावर जातो आणि सरकी पोटात जाते, हे सरकीवाल्याच्या घरात वाढलेल्या मला तरी दिसत होतं. ती दुधातून येते, तेलातून येते. एका संध्याकाळी मिरची-भजीच्या गाड्यावर मी विचारलं, की तळायला तेल कुठलं वापरता. तो भजीवाला झाऱ्यातलं तेल निथळवत म्हणाला, "एण्णी अंद्र एण्णीरी." तेल म्हणजे तेलच हो. माझ्या मागं उभे असलेले लोक कंटाळले होते, त्यामुळं मी भजी घेतली आणि बाजूला झाले.

अप्पांनी या प्रकरणात मला सरळ प्रश्न घातला. "अळीच्या पोटात मारतं, मग म्हशीच्या पोटात का नाही?"

मी सांगितलं, की अळीचं पोट अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट असतं आणि तिच्या आतड्यात ते प्रथिन धरून ठेवणारी जागा असते. आपलं पोट आंबट. आपल्यात आणि म्हशीत तशी जागा नाही, इतर प्रथिनांसारखं हेही पचून जातं.

"हे तू बघितलंस?"

"वाचलंय, अप्पा."

"म्हणजे चावून बघितलेलं नाहीस," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

आमच्या घरी दूध घालणाऱ्या गवळीणमावशी धारवाडातल्या. त्यांच्या चार म्हशी. सरकी मात्र त्या हुबळीला येऊन आमच्याच दुकानातून नेत. माझं लग्न व्हायच्याही आधीपासून. त्यांचे यजमानही अप्पांकडूनच नेत आणि ते वारल्यावर मावशींनी रिवाज मोडला नव्हता. चारांपैकी मोठी म्हैस आदल्या वर्षी सातव्या महिन्यात गाभडली होती. मावशी त्या वेळी दोन दिवस दूध घालायला आल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते आणि मी उगाच खाडा झाल्याची कुरकुर केली होती, ते मला अजून आठवतं. आता ती म्हैस पुन्हा गाभण होती.

शिवरात्रीच्या सुमारास एका रविवारी त्या दुकानात आल्या. मी तिथंच होते.

"अण्णा, मला जुनी सरकी पायजे. नव्या कापसाची नको," त्या म्हणाल्या. "पुन्ना तसं झालं तर म्हैस विकावी लागंल बघा. दर वर्षी रिकामी कोण सांभाळणार?"

अप्पांनी समोरच्या पोत्यात हात घातला, एक सोडून तीन दाणे फोडले. डोळे मिटले. मावशी त्यांच्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जशी मुलं निकालाच्या दिवशी माझ्याकडे बघतात.

"जुनीच आहे, अक्का. घेऊन जा."

मावशींनी पोतं टेम्पोत चढवलं आणि हात जोडून गेल्या. त्या गेल्यावर मी विचारलं, "अप्पा, कशावरून?"

"चवीवरून."

एवढं एकच उत्तर. त्यांना खरंच कळलं असेल का? माणसाच्या जिभेला एका प्रथिनाचा फरक लागतो का? मला काही राहवेना. यात त्या म्हशीची काळजी नव्हती, हे कबूल करते. मला फक्त बघायचं होतं.

एप्रिलमध्ये शाळेला सुटी लागली आणि मी लेकीसह महिनाभर हुबळीला राहायला गेले. आमच्याच गल्लीत एक बियाणांचं दुकान होतं. त्या दुकानदाराकडे कागदी पट्ट्यांची डबी असे. सरकीचा एक दाणा कुटून थोड्या द्रावणात ढवळायचा, त्यात पट्टी उभी करायची. एक रेघ उमटली तर पट्टी चालू आहे एवढंच. दुसरीही उमटली, तर दाण्यात ते प्रथिन आहे. खोटं बियाणं मिळालं म्हणून शेतकरी भांडायला आले की तो त्यांच्यासमोर पट्टी बुडवून दाखवी, की बाबा, आहे, आतमध्ये आहे. मला उलट 'नाही' म्हणणारी पट्टी हवी होती. तो हसला, पण मी लहानपणापासूनची ओळखीची, म्हणून त्यानं सहा पट्ट्या दिल्या.

त्याच दुकानात मला आणखी एक गोष्ट कळली. नव्या बियाण्याच्या मोठ्या पाकिटाबरोबर एक छोटं पाकीटही यायचं, साध्या बियांचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं. तिथल्या अळ्या बिनविषाचं खाऊन जगतात आणि त्यामुळं सगळी अळीजात विषाला लवकर निर्ढावत नाही. बरेच शेतकरी ते पाकीट दुकानाच्या फळीवरच ठेवून जात. "अळी पाळायला शेत घेतलंय होय?" म्हणत. अप्पांना हे सांगितलं तर ते खूश झाले. रोज सकाळी दुकान उघडलं की पायरीवर मूठभर जोंधळे टाकायचे आणि चिमण्या आल्याशिवाय गादीवर बसायचं नाही, ही त्यांची पद्धत. "म्हणजे कंपनीला पण कळतं म्हणायचं, दुसऱ्याचा वाटा काढून ठेवायचा असतो ते," असं म्हणून त्यांनी त्या टाकलेल्या पाकिटांची दोन दिवस चौकशी केली.

बियाणांच्या दुकानदाराचं कुंदगोळकडे शेत होतं आणि त्यानं मात्र कडेनं ते साधं बी पेरलं होतं. त्याच्याकडून मी मधल्या ओळींचा मूठभर आणि कडेच्या ओळींचा मूठभर कापूस मागून आणला, हातानं सरकी काढली आणि वर्तमानपत्राच्या दहा पुड्या बांधल्या. पाचात मधल्या ओळींची, पाचात कडेची. वर आकडे घातले. दुपारी बाजार थंड असतो, तेव्हा अप्पांना म्हटलं, "खेळ खेळायचा. डोळे मिटा आणि सांगा, नवी की जुनी."

अप्पांना परीक्षा द्यायला आवडली. प्रत्येक पुडीतला दाणा ते मन लावून चावत होते, तांब्यातल्या पाण्यानं खळखळून चूळ भरत होते आणि ठामपणे सांगत होते. लेक टाळ्या वाजवत होती. मी पाटीवर लिहून घेत होते. दहा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. "किती?"

"पाच बरोबर, पाच चूक."

"पाच बरोबर!"

"अप्पा, नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं."

हे मी ज्या सुरात म्हणाले, त्याची मला आज लाज वाटते. वर्गातल्या हुशार मुलीनं कच्च्या मुलाला सांगावं, तसा तो सूर होता. अप्पा पाटीकडे बघत राहिले. त्यांच्या ओठाला सरकीचा एक तंतू चिकटला होता. तो त्यांनी काढला, बोटांत चुरला आणि म्हणाले, "त्या अक्काला दिली, त्याच मालातलं अर्धं पोतं मागं आहे. काढ."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांना खोटं पाडण्यात गुंग होते.

सहाच पट्ट्या होत्या. पोत्याच्या वरनं, मधनं, तळातनं मिळून सहा दाणे घेतले. अप्पांनी स्वतः खलबत्त्यात एकेक कुटून दिला, प्रत्येक वेळी खल धुऊन पुसून. चार पट्ट्यांवर दोन-दोन रेघा आल्या. उरलेल्या दोन पट्ट्यांवर एकच.

"म्हणजे मिसळ झालीय?"

"असेलही. किंवा सगळीच नवी असेल." मग मी त्यांना दहावीच्या मुलांना सांगते ते वाटाण्याचं उदाहरण दिलं. या संकरित झाडात तो जनुक एकाच बाजूनं आलेला असतो. म्हणून त्याच्या पोटच्या चार दाण्यांत साधारण तिघांत तो जातो, एकात जात नाही. एकाच बोंडातले भाऊ, पण तिघे असे आणि चौथा तसा. हे सांगताना मी स्वतःच थरारले होते. फळ्यावर दहा वर्षं काढलेला तीनास-एकचा चौकोन मी पहिल्यांदा पट्टीवर बघत होते.

अप्पांना भावंडांचं काही पडलं नव्हतं. "मी त्या बाईला जुनी म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "उद्या धारवाडला जायचं."

मी म्हटलं, "कशाला? त्यानं काही होत नाही म्हशीला. उगाच तिच्या डोक्यात भुंगा सोडून याल."

"होत नसेल."

"मग?"

"अगं, होत नाही हे तुझं खरं. पण जुनी आहे हे माझं खोटं निघालं ना? तिनं मागितलं एक, मी घातलं दुसरं. तिच्या म्हशीनं काय खायचं ते तिनं ठरवायचं. तू कोण आणि मी कोण?"

मला राग आला. एवढं शिकून, एवढं पट्टीवर दाखवून, शेवटी गप्पांनाच भिणार का आपण? मी म्हटलं, की लोकांच्या भीतीला असा मान देत बसलो तर कुठलीच नवी गोष्ट येणार नाही. देवीची लससुद्धा आली नसती. अप्पा म्हणाले, "लस टोचताना दंड पुढं कर म्हणतात. झोपेत नाही टोचत." 

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. गवळ्यांच्या गल्लीत मावशी मोठ्या म्हशीला दगडानं घासून धूत होत्या. म्हशीचं पोट चांगलंच सुटलं होतं. अप्पांनी पायताण बाहेर काढून ठेवलं, देवळात जाताना काढतात तसं, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

मावशींचा हात थांबला. "तुम्ही खाल्लासा की, अण्णा. माज्यासमोर तीन दाणे खाल्लासा."

"खाल्ले. पण मला कळलं नाही. कळलं असं वाटलं, कळलं नव्हतं."

म्हशीच्या अंगावरून पाणी निथळत होतं. मावशी त्या पाण्याकडेच बघत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "टीचरबाई, तुम्ही शिकलेल्या. काय होतंय ह्यानं?"

मला हवी होती तीच संधी. मी पोट, आंबटपणा, प्रथिन, पचन, सगळं त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. चांगलं सांगितलं. "अगदी निर्धास्त राहा, मावशी. मी सांगते."

"तुमच्या घरी असती म्हैस, तर घातला असतासा?"

"घातली असती की," मी म्हणाले.

अप्पांनी त्यांच्यासाठी एक तोड काढली होती. जयधर हा आमच्या काळ्या मातीतला जुना देशी कापूस. त्याची सरकी बारीक, राखाडी, लवदार. ती डोळ्यांनीच ओळखू येते, चावावी लागत नाही. तिच्यात नव्याची भेसळ असती तर आंधळ्यालाही हाताला लागली असती. पण जयधर लावणारे तोवर कमी झाले होते. अप्पांकडे दोनच पोती होती आणि ती त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवली. मावशींनी हिशोब बसवला: ती दोन्ही मोठ्या म्हशीला, वेत होईपर्यंत. "बाकीच्या तिघींना ही तुमचीच घालते," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही सांगितलासा न्हवं."

त्यानंतर अप्पांनी एक नवं वाक्य धरलं. कुणी विचारलं, अण्णा, नवी की जुनी, तर ते दाणा फोडून सांगत, "सुकी आहे, यंदाची आहे. नवी-जुनी मला कळत नाही." कन्नड गिऱ्हाइकाला सांगत, "गोत्तागूदिल्लरी." चाळीस वर्षं ज्या माणसाला सगळं कळत होतं, त्याच्या तोंडी हे ऐकून लोक चपापत. काही जण पुढच्या दुकानात जात. तिथं बेधडक 'जुनी, एकदम जुनी' असं सांगितलं जाई आणि ती सरकी त्याच गिरणीतनं आलेली असे. मी अप्पांना म्हटलं, तुम्हीही सांगा ना काहीतरी. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आषाढात म्हैस व्याली.

रविवार होता. त्या आठवड्यात आम्ही हुबळीला गेलो नव्हतो, म्हणून अप्पाच सप्तापूरला आले होते, नातीला बघायला. सकाळी दार वाजलं आणि मावशी आत आल्या त्या हसतच. एका हातात रोजची दुधाची किटली, दुसऱ्या हातात झाकणाचा पितळी डबा.

"पारडी झाली, अण्णा! बघायला या, काय गुटगुटीत हाय. उठून उभारली बी लगेच." डोळ्यांना पदर लावत त्यांनी डबा उघडला. पहिल्या चिकाचा खरवस होता. गूळ घातलेला, वरून वेलची. अजून कोमट होता. आमच्याकडे कन्नड शेजारणी त्याला गिण्ण म्हणतात आणि ज्याच्याकडे म्हैस व्याली, त्यानं तो चार घरी वाटल्याशिवाय स्वतः खात नाही.

"आज तुम्ही खाऊन दाखवा," मावशी अप्पांना म्हणाल्या. थट्टेनं म्हणाल्या, पण अप्पांनी ते थट्टेवारी नेलं नाही. मांडी घालून बसले, वडी घेतली, डोळे मिटून चावली. "झकास," म्हणाले. 

लेक डब्यापाशी येऊन उभी राहिली. मावशींनी एक वडी मोडली आणि अर्धी तिच्या तोंडाशी नेली.

माझा हात आडवा गेला.

मी नेला नाही, तो गेला. मावशींच्या मनगटाला लागला आणि खरवसाचा तुकडा फरशीवर पडला.  लेकीनं तोंड उघडं ठेवलं होतं, तिनं ते मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तिला... जरा सर्दी आहे," मी म्हणाले. लेकीला सर्दी नव्हती. 

मावशी खाली वाकल्या, तुकडा उचलला, पदराच्या टोकानं फरशी पुसली. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"ह्या म्हशीनं दोन महिने अण्णांची जयधर खाल्लीय, बाई," त्या हळू म्हणाल्या. "नवी खाल्ली ती बाकीच्या तिघींनी. रोज सकाळी तुमच्या लेकीच्या पेल्यात येतंय, ते दूध त्यांचंच."

मी किटलीकडे बघितलं. शिवरात्रीपासून घरी असेन त्या प्रत्येक सकाळी मी स्वतःच्या हातानं ते दूध तापवून, साखर घालून लेकीला देत होते, सगळं संपव म्हणून मागं लागत होते. सरकीतून दूध येतं हे मी आठव्या वर्षापासून जाणत होते. ती सरकी नवी आहे, हे पट्टीवर मीच शोधून काढलं होतं. त्या तिघींना ती घाला, असं मीच सांगितलं होतं. आणि तरी दुकानातलं ते पोतं आणि माझ्या घरातला हा पेला, यांच्यात मी कधी रेघच ओढली नव्हती. मी मावशींना जे सांगितलं होतं, ते खरं होतं. मी ते आजही तसंच शिकवते. पण ते मी त्यांच्या म्हशीबद्दल सांगितलं होतं. माझ्या लेकीबद्दल मला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

 अप्पा खिडकीबाहेर बघत होते. माझी खोड मोडली की मुद्दाम दुसरीकडे बघायची त्यांची जुनी सवय.

"असू द्या," मावशी म्हणाल्या. "तिघींच्या पुढं पाटी ठेवताना माजा बी हात रोज असाच अडत होता. तुम्ही सांगितलासा म्हणून ठेवत गेले."

मग त्यांनी डब्यातली एक अख्खी वडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वाट बघत उभ्या राहिल्या. शिवरात्रीला दुकानात अप्पांच्या तोंडाकडे बघत होत्या, तशाच.

मी वडी तोंडात घातली. त्यांच्या देखत चावली आणि गिळली. मग किटलीतलं दूध पेल्यात ओतलं, तेही त्यांच्यासमोर अर्धं प्याले, आणि उरलेलं लेकीला दिलं.